दोन किलोच्या आत

सुवैकच्या पोस्टात काटा दोन किलोवर थांबला
तर दीड रियाल.
एक ग्रॅम पुढे सरकला की अडीच.
मधला तो एक रियाल म्हणजे चार अंड्यांचे पैसे.
म्हणून रात्री खोलीत मी आधी वजनं मांडतो:
चोवीस गावठी अंडी, अकराशे.
दुहेरी खोका, सहाशे.
राहिले तीनशे ग्रॅम.
त्यात पेंढा, कागद, सुतळी,
आणि वाटेत कुणी आपटलंच, तर त्याचाही विचार.

खोके आंब्याचे. मे महिन्यात वादी कबीरच्या फळवाल्यानं
बाहेर फेकलेले, मी उचलून आणलेले.
थंडी पडली की उघडतो,
पेंढ्याला अजून वास असतो.
पावसला वखारीत सात हंगाम पेट्या भरल्या मी.
आंब्याचा देठ सांभाळायचा, अंड्याचं बूड.
टोक खाली, बूड वर.
बुडाशी हवेची एवढीशी खोली असते,
पिल्लाचा पहिला श्वास तिथला.
अंडं धुवायचं नाही. मळलेलं असलं तरी नाही.
कवचावर साय असते, दिसत नाही,
ती गेली की आत काहीही शिरतं.

गुंडाळायला कुंजुमोनचा मल्याळी पेपर.
एका अंड्याला सोन्याचा भाव,
एकाला श्रद्धांजलीचे फोटो.
चेहरे मी बाहेरच्या बाजूला ठेवतो.
कुंजुमोन म्हणतो, आपणही असेच आलो रे,
गुंडाळून, शिक्का मारून.
मी म्हटलं, अंड्याला व्हिसा लागत नाही
आणि ते घरी पैसे पाठवत नाही. सुतळी धर.

गेल्या ऑक्टोबरात घाई केली होती.
ऊन उतरलं नव्हतं,
पेटी शुक्रवारभर गाडीत राहिली,
मग पत्ता सापडेना,
अकराव्या दिवशी परत आली.
मोबाइलच्या उजेडात एकेक अंडं धरलं.
आत लाल कडं. पुन्हा लाल कडं.
उन्हानं अंड्याला वाटतं, आईच बसलीय.
जागं व्हायला लागतं बिचारं,
आणि रात्री गाडी गार पडते.
उम्म सैफनं गिऱ्हाइकाला सहा रियाल परत केले.
मला काही बोलली नाही.
त्या संध्याकाळी खजूर वाटले तिनं,
तेही कोंबड्यांना.

आजची पेटी सलालाला, मुस्तहीलच्या नावे.
"बावस्कर!" बद्रिया खिडकीतून हाक मारते.
अरबीत 'प' नाही, म्हणून मी बावस्कर,
आणि हे माझं बार्सल.
काटा: दोन हजार बारा.
मागे रांग. कुणीतरी खाकरलं.
बद्रियानं कात्री पुढे केली,
वर बघितलं नाही.

काय काढू?
सुतळी काढली तर खोका उसवेल.
अंडं काढलं तर चोवीसचे पैसे कसे घेऊ?
वर ठेवलेली चिठ्ठी काढली,
रात्री दोनदा लिहून काढलेली. पाच ग्रॅम.
मग कोपऱ्यातला मूठभर पेंढा.
एकोणीसशे अठ्ठ्याण्णव.
बद्रियानं शिक्का मारला, हळूच,
अंड्यांवरच मारतेय असा.

चिठ्ठीतलं मग फोनवर सांगितलं,
माझ्या मोडक्या अरबीत:
मुस्तहील, पेटी आली की उघड,
पण चोवीस तास मशीनला लावू नकोस.
टोक खाली ठेव, सावलीत ठेव.
लांबून आलीत, बसू दे.
तो म्हणाला, माणसालाही आम्ही
तीन दिवस काही विचारत नाही.

पेंढा शर्टाच्या खिशात तसाच राहिला,
धुतल्यावर बादलीत तरंगला.

तेविसाव्या दिवशी फोन आला.
आवाजाआधी चिवचिव.
चोवीसातली पंधरा.
पोस्टानं गेलेल्या अंड्यांत पंधरा म्हणजे पुष्कळ,
मी उम्म सैफला समजावलं,
बोटांवर मोजून दाखवलं.
तिनं ऐकून घेतलं.
खुराड्याची कडी लावली, ओढून बघितली,
मग विचारलं,
"आणि नऊ?"